बावीस पोत्यांचं अंगण

आमच्या कोयनाकाठी काळ मोजायची दोनच मापं आहेत. भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर. कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, कुठल्या विहिरीला कधी पाणी लागलं, हे सगळं ११ डिसेंबर १९६७ च्या अलीकडचं की पलीकडचं एवढं सांगितलं की भागतं. आमच्या घरापुढच्या अंगणाला मात्र आणखी एक माप लावावं लागतं, सिमेंटच्या आधीचं आणि सिमेंटनंतरचं. ते साल १९८४. त्या साली आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घरापुढं आणि रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेवर कोबा घातला. २०१९ साली तो मी माझ्या हातानं दुरुस्त केला. दुरुस्ती करताना छिन्नीखालून जे जे निघालं, त्यावरून हा सगळा इतिहास मांडायचा विचार डोक्यात आला.

सिमेंटच्या आधीचं अंगण म्हणजे खळंच होतं. पाटण तालुक्यातला पाऊस काय असतो ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. चार महिन्यांत अंगणाचा चिखल व्हायचा, गुडघाभर तण माजायचं. दसरा झाला की बायका अंगणात उतरायच्या. तण उपटायचं, वरची माती खणायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून रात्रभर मुरवायचं, दुसऱ्या दिवशी बैल गोल फिरवून तुडवून घ्यायचं आणि मग उकिडवं बसून चोपण्यानं चोपायचं. चोपून चोपून माती घट्ट झाली की शेणकाला. मधोमध तिवड्याचा खड्डा. तिवडा म्हणजे मळणीच्या वेळी बैलांची पात ज्याच्याभोवती फिरते तो खांब. आमचा बाभळीचा होता. सुगी झाली की तो उपटून ठेवायचा, पुढच्या साली पुन्हा त्याच खड्ड्यात रोवायचा.

हे काम दरवर्षीचं. एकदा केलं आणि सुटलो, असं त्यात कधीच नव्हतं. आणि ते बायकांचं होतं, कारण आमच्या खोऱ्यातला बाप्या माणूस मुंबईला असायचा. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडी. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. १९६९ चा माथाडी कायदा आमच्याकडं कुणी वाचला नसेल, पण त्यानं काय झालं हे घराघरात ठाऊक होतं. आबाही माथाडीच. मुंबईच्या बंदराजवळच्या गोदामांत पोती वाहायचे. साखर, तांदूळ आणि सिमेंट.

सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं. आबा म्हणायचे, साखरेचं पोतं पाठीवर बसतं, सिमेंटचं चिकटतं. घामात सिमेंट मिसळलं की कातडी सोलून निघते. सुट्टीवर गावी आले की आई त्यांच्या पाठीला खोबरेल लावायची. ज्या वस्तूनं पाठ सोलली तीच वस्तू घरापुढं घालायची, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं ते मला माहीत नाही. पण पाठीवरून हजारो पोती गेली आणि घरात एक नाही, हे त्यांना सलत असावं.

इथं थोडं मागं जायला हवं, कारण सिमेंट ही वस्तू आमच्याकडं तशी अलीकडची. १८२४ साली इंग्लंडातल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं चुनखडी आणि माती एकत्र भाजून केलेल्या भुकटीचं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ती तिकडच्या पोर्टलंड नावाच्या दगडासारखी दिसते म्हणून तिला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. अजूनही पोत्यावर तेच नाव छापतात. आपल्याकडं १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सिमेंट निघू लागलं, १९३६ साली बऱ्याच कंपन्या एकत्र होऊन एसीसी झाली. पण हे सगळं शहरांसाठी. आमच्या भागात वाड्यांना आणि देवळांना चुना, आणि आमच्यासारख्यांच्या घरांना माती. चुना घाणीत मळायचा. गोल चरात दगडाचं चाक, त्याला बैल जुंपलेला, दिवसभर गरगर. त्यात वाळू, विटांची सुरखी, कुठं गुळाचं पाणी, कुठं हिरडा. चुन्याला एक गुण आहे, तो सिमेंटला फारसा नाही. बारीक भेग पडली आणि तिच्यात पाणी शिरलं की चुना थोडा विरघळतो आणि त्याच भेगेत पुन्हा जमून बसतो. म्हणजे स्वतःचं ठिगळ स्वतःच लावतो. सिमेंट तसं फार थोडं करतं. बाकी ते तुमच्यावर सोडतं.

आमच्या लोकांनी सिमेंट पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्यासाठी जाताना. कोयनेचं धरण बांधायला पन्नाशीच्या दशकात सुरुवात झाली. कराड-चिपळूण रस्त्यानं सिमेंटच्या गाड्यांमागून गाड्या गेल्या. १०३ मीटर उंचीची भिंत, मोठमोठे गोटे हातानं रचून त्यांत काँक्रीट भरलेली. खोऱ्यातली गावंच्या गावं उठली, पाण्याखाली गेली, त्यातल्या कित्येकांचं पुनर्वसन हा आजही भांडणाचा विषय आहे. एवढं सिमेंट दारावरून गेलं, पण गावात कुणाला हौदाला गिलावा करायला एक पोतं हवं असेल तर तहसीलचा परवाना लागायचा. परवाना मिळाला तर माल नसायचा, माल आला तर परवान्याची मुदत गेलेली असायची. आजच्या पोरांना हे सांगितलं तर थापा वाटतात.

मग भूकंप झाला. पहाटे सव्वाचार वाजून गेले होते. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच की आईनं मला आणि धाकट्याला दोन काखेत धरून अंगणात आणून टाकलं, आणि मागं माजघराची दगडमातीची भिंत बसली. सगळा गाव आपापल्या खळ्यात, थंडीत, उघड्यावर. त्या खळ्यांनी तेव्हा माणसं वाचवली, कारण तेवढीच जागा अशी होती जिच्यावर काही पडणार नव्हतं. खोऱ्यात पावणेदोनशे ते दोनशे माणसं गेली.

भूकंपानं धरणालाही भेगा पडल्या. भिंतीचा मागचा उतार जिथं बदलतो त्या उंचीला, आडव्या. आमचे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, तेव्हा धरणावर रोजानं कामाला होते. भेगा साफ करायच्या, भोकं पाडायची आणि त्यांतून दाब देऊन एक रसायन आत सोडायचं. त्याचं नाव इपॉक्सी. तात्या गावात सांगायचे, ‘धरणाला इंजेक्शनं देतोय आमी.’ लोक हसायचे. पण ते खरंच होतं. उंच भागांत वरून खाली पोलादी दोर घालून ताणून बसवले, आणि पुढं १९७३ पर्यंत मागच्या बाजूला काँक्रीटचे जाड टेकू देऊन भिंत भक्कम केली. तात्यांचं एक वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. ‘भेग बुजवायच्या आदी धुवावी लागती. धुनं म्हंजे निम्मं काम.’ याचा उपयोग मला बावन्न वर्षांनी झाला.

आता १९८४. सिमेंटचं सरकारी नियंत्रण फेब्रुवारी १९८२ मध्ये थोडं सैल झालं. कारखान्यांनी काही हिस्सा ठरीव भावानं सरकारला द्यायचा, उरलेला खुल्या बाजारात विकायचा. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, सिमेंटच्या वाटपावरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता. ही करड्या रंगाची भुकटी किती मोलाची होती ते यावरून समजावं. पूर्ण नियंत्रण उठलं १९८९ साली. आबांना तेवढा धीर नव्हता. मुंबई सोडून ते कायमचे गावी आले आणि तीन खेपांत, कराडवरून, बावीस पोती जमवली. तेव्हा पोती तागाची असायची. रिकामी झाली की धुऊन पावसात डोक्यावर घ्यायची खोळ व्हायची.

अंगण तीस फूट लांब, चोवीस फूट रुंद. तीन इंच जाडीचा थर म्हटला तर एकशे ऐंशी घनफूट काँक्रीट. एकास दोनास चार असं चांगलं मिश्रण करायचं तर बत्तीसेक पोती लागली असती. होती बावीस. म्हणून एकास तीनास सहा. हा हिशेब मी आता मांडला. आबांनी तेव्हा घमेली मोजूनच काम केलं होतं, पण कागदावर न मांडता त्यांना तो माहीत होता, कारण पोती बरोबर पुरली. गाडीवाटेवर मात्र फक्त उरलासुरला माल गेला, कुठं दोन इंच, कुठं दीड. वाळू कोयनेची. खडी गावातल्या बायकांनी हातोड्यानं फोडलेली. मिश्रण जमिनीवरच फावड्यानं तीनदा सुकं आणि तीनदा ओलं उलटून केलेलं. सगळी आळी कामाला आली होती, पैसे कुणी घेतले नाहीत, जेवण मात्र मटणाचं लागलं.

आबांनी एक गोष्ट विचार करून केली. दारासमोर उजव्या हाताला एक फूट चौरस जागा मोकळी ठेवली, मातीची. लग्नाची मुहूर्तमेढ कुठं रोवणार? सिमेंटात खड्डा पडत नाही. गावात नंतर ज्यांनी ज्यांनी कोबे घातले त्यांच्याकडं मांडवाच्या मेढी वाळूनं भरलेल्या पिंपात उभ्या राहतात, आणि मुहूर्तमेढ बादलीत. आमची जमिनीत.

दोन गोष्टी मात्र परिस्थितीनं करू दिल्या नाहीत. काम मे महिन्यात झालं, विहीर तळाला गेलेली. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. ओलं ठेवलं तर आठ-पंधरा दिवस त्याची ताकद वाढत राहते, उन्हानं सुकवलं की वाढ तिथंच खुंटते. आई आणि चुलत्या नदीवरून हंडे आणून ओतत होत्या. पाच दिवस ओतलं, पुढं कुणाच्यात त्राण राहिलं नाही. दुसरी गोष्ट, अख्खं अंगण एकसंध ओतलं गेलं, मधे कुठं सांधा नाही. काँक्रीट आकसतं. तुम्ही त्याला फाटायला सरळ जागा ठेवली नाही तर ते वाकडी जागा स्वतः शोधतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या साली दसऱ्याला आई अंगणात उतरली नाही. ओट्यावर बसून राहिली. शेजारणीनं विचारलं, ‘यंदा खळं न्हाई का करत?’ आई म्हणाली, ‘न्हाई बया, माझं खळं सरकारी झालं आता.’ आजकाल शेणानं सारवलेल्या अंगणाचे गोडवे गाणारे लेख मी वाचतो तेव्हा मला लिहिणाऱ्याचे गुडघे बघावेसे वाटतात. आईचे गुडघे त्या चोपण्यानं गेले. तिच्या लेखी कोबा म्हणजे दरसालच्या पंधरा दिवसांच्या बेगारीतून सुटका होती. त्यावर भात वाळलं, भुईमुगाच्या शेंगा वाळल्या, पापड-कुरडया झाल्या, दोन बहिणींची आणि माझं अशी तीन लग्नं झाली.

कोबा बिघडला तो हळूहळू. वळचणीखाली पागोळ्या पडतात तिथं पहिल्या चार-पाच वर्षांतच वाटीएवढ्या खड्ड्यांची रांग झाली. मग अंगणाच्या मधोमध एक भेग दिसली, ती तिरकी होत होत गाडीवाटेला जाऊन भिडली. गाडीवाटेची कड बैलगाडीच्या लोखंडी धावेनं झिजत होतीच. पुढं १९९६ मध्ये मागचं पडवीचं बांधकाम काढलं तेव्हा विटांनी भरलेली ट्रॉली आत आली आणि गाडीवाटेचे तुकडे झाले, पापड मोडावा तसे. दर पावसाळ्यात भेगेतून पाणी खाली जायचं, खालची माती घेऊन यायचं. शेवाळ धरायचं. आबा असेपर्यंत दर उन्हाळ्यात भेगेत सिमेंटचं पाणी ओतायचे. ते पुढच्या पावसापर्यंत पापुद्र्यासारखं निघून यायचं. आबा २००६ साली गेले.

२०१९ चा पाऊस सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या पावसानंतर अंगणाचा खालचा भाग पायाखाली डुबडुबल्यासारखा वाटू लागला. आणि ऑक्टोबरात आईच्या काठीचं टोक भेगेत अडकलं, ती पडली. मनगट मोडलं. वय ब्याऐंशी. मनगटावर निभावलं असं डॉक्टर म्हणाले, खुब्यावर आलं असतं तर आयुष्यभराचं अंथरूण. फेब्रुवारीत पुतणीचं लग्न ठरलेलं. धाकटा मुंबईहून फोनवर म्हणाला, ‘दादा, फोडून टाक सगळं. पेव्हर ब्लॉक बसवू. मी पैसे देतो.’ ठेकेदार येऊन मोजमाप घेऊन गेला. त्याचा आकडा ऐकून मी धाकट्याला कळवलाच नाही. मी नुकताच निवृत्त झालेलो, हातात वेळ होता. गावच्या गवंड्याला, नानाला, विचारलं तर तो म्हणाला, ‘नवं सांगा, करतो. ठिगळाच्या कामाला कोन येतंय गुर्जी? दिस जातो आन नाव खराब हुतं.’ पण सल्ला द्यायला त्याची ना नव्हती. रोज संध्याकाळी चहाला यायचा आणि मी दिवसभर केलेल्या कामात खोड काढून जायचा.

मी आईला विचारलं, फोडायचं का? मला वाटलं होतं ती आबांच्या आठवणीनं नको म्हणेल. ती म्हणाली, ‘मला कशाचं कवतिक न्हाई. पर जे घट हाय ते कशापायी फोडायचं? पोकळ हाय तेवडं फोड.’

पोकळ कुठं आहे हे कळायला हातोडा पुरतो. गुडघ्यावर बसून वीतवीत अंतरावर हलके ठोके मारत जायचे. घट्ट जागा खणकन बोलते, सुटलेली जागा बद्द. बद्द वाजेल तिथं खडूनं खूण. दोन सकाळी हेच केलं. सातशे वीस चौरस फुटांपैकी पोकळ निघाली ती वळचणीखालची पट्टी, खालचा कोपरा आणि मधोमध, भेग जिथून सुरू होते तिथं, ताटाएवढी एक जागा. बाकीचं अंगण, एवढ्या कमी सिमेंटचं, कमी पाण्याचं, पस्तीस वर्षांनी खणखणीत होतं.

ती मधली ताटाएवढी जागा फोडली आणि खाली हातभर खोल पोकळी लागली. कडेला उधईची वारुळमाती, तळात काळपट लाकडाचा भुगा. मी जरा वेळ बघतच राहिलो. तो तिवड्याचा खड्डा होता. मोडलेल्या तिवड्याचं बूड बहुधा आतच राहिलं होतं, वर माती लोटून कोबा झाला. लाकूड उधईनं खाल्लं, माती खाली बसली, कोबा अधांतरी राहिला आणि पहिली भेग तिथूनच निघाली. म्हणजे आमच्या अंगणाला जी भेग पडली ती जुन्या खळ्याच्या बरोब्बर मध्यातून. आईला हात धरून आणून दाखवलं. तिनं काठीनं आतला भुगा हलवून बघितला आणि म्हणाली, ‘तरीच. चांगला मुरूम भर आन् ठोक.’

मुरूम थराथरानं भरला, पाणी मारून धुमसानं ठोकला. गाडीवाट वाचण्यासारखी नव्हतीच, ती सगळी उखडली. खाली खडी-मुरूम ठोकून बसवला, वर चार इंच नवीन काँक्रीट. आठ फूट रुंद, बारा फूट लांब. त्याला सहा पोती लागली.

अंगणाचं काम नाजूक. जुन्यावर नवा थर धरत नाही, असं सगळे सांगतात. धरतो, पण त्याच्या अटी आहेत. पहिली अट जाडीची. अर्धा-पाऊण इंच लेप दिला की तो आबांच्या सिमेंटच्या पाण्यासारखा सोलून येणार, उन्हानं तापून, थंडीनं आकसून. निदान दोन इंच तरी हवा, बारीक खडी घातलेला. आमचं जोतं चांगलं दोन फुटांचं, म्हणून अंगण दोन इंच वर आलं तरी दारात पाणी येण्याची भीती नव्हती. उलट ढाळ सुधारून घेता आला. दहा फुटाला दोन-अडीच इंच, घरापासून रस्त्याकडं.

दुसरी अट तात्यांची. धुणं. तारेच्या ब्रशनं शेवाळ, धूळ, सुटी वाळू खरवडून काढली. भेगा छिन्नीनं रुंद केल्या, वर अरुंद आणि आत रुंद अशा, म्हणजे भरलेला माल उपटून येत नाही. गुळगुळीत झालेल्या जागा टोचून खडबडीत केल्या. मग नळीनं धुतलं, पुन्हा धुतलं. पुतण्या वैतागून म्हणाला, ‘काका, जेवायला बसायचंय का इथं?’ या कामाला बारा दिवस गेले. प्रत्यक्ष ओतायला पाच.

ओतायच्या आदल्या रात्री जुना कोबा पाण्यानं भिजवून ठेवायचा आणि सकाळी साचलेलं पाणी झाडून काढायचं. कोरडा ठेवला तर तो नव्या मालातलं पाणी ओढून घेतो, पाणी साचलेलं असेल तर चिकटत नाही. ओलसर, पण वर पाणी नाही, अशी ती वेळ असते. त्या वेळी सिमेंटचं दाट कालवण खराट्यानं घासून लावायचं आणि ते सुकायच्या आत वर माल टाकायचा. मी कालवणात एक दुधासारखं पांढरं रसायन मिसळलं, सांधा धरायला ते दुकानात मिळतं. नाना म्हणाला, त्याच्याविना पण चालतंय. चालत असेल.

माल एकास दोनास चार. सहा फुटी चौकोनांचे वीस खण पाडले, मधे लाकडी पट्ट्या. रोज चार खण, एक सोडून एक, म्हणजे शेजारचा खण घट्ट झाल्यावर मधला भरायचा. मी, बायको आणि पुतण्या. पट्टीनं ओढायचं, लाकडी रंध्यानं घासायचं आणि वरचं पाणी उतरेपर्यंत थांबायचं. गुरमाळा फिरवून आरशासारखं गुळगुळीत करायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या पावसात त्या आरशावर हाडं मोडतात. म्हणून शेवटी ओल्या खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या, ढाळाच्या दिशेनं नाही तर त्याला आडव्या, पाय धरायला. जुनी भेग जिथून तिरकी जात होती तिथं वरच्या थरातही सांधा तिरकाच ठेवला. खाली भेग असेल तर वरच्याला ती आज ना उद्या फाडणारच, मग तिला तिची वाट दिलेली बरी. त्यामुळं दोन-तीन खण वेडेवाकडे दिसतात. धाकट्याची बायको ‘डिझाईन आहे का?’ म्हणून विचारत होती.

मुहूर्तमेढीची जागा चारही बाजूंनी वीट लावून वर उचलून घेतली.

हिशेब सांगायचा तर अंगणाच्या थराला लागली बावीस पोती. आबांची पण बावीस. मी मुद्दाम जुळवली नाहीत. त्यांचा थर तीन इंची पण सिमेंट बेताचं, माझा दोन इंची पण सिमेंट भरपूर, म्हणून आकडा एकच आला. फरक एवढाच की मी दुकानात फोन केला आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. परवाना मागायला कुणी आलं नाही.

आणि पाणी. या वेळी नळाचं पाणी होतं, डिसेंबरची थंडी होती. भरलेल्या खणांवर मातीचे बारीक बांध घालून पाण्याचे वाफे केले. कडेला गोणपाट हवं होतं, पण सिमेंटची पोती आता प्लॅस्टिकची, तागाचं बारदान शेवटी पाटणच्या एका धान्य दुकानातून मागून आणलं. पंधरा दिवस अंगणात पाणी उभं होतं. त्याची राखण आईनं केली. प्लॅस्टर निघालेला हात मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची आणि कुठल्या वाफ्याची पातळी उतरली ते ओरडून सांगायची. रात्री नऊलासुद्धा. ‘अरं त्या कोपऱ्यातलं पाणी आटलं, बघ की जरा! तवा न्हवतं पानी, आता हाय तर पाज की त्याला.’ एकदा मी म्हणालो, आई, उद्या सकाळी घालतो. तर ती स्वतःच तांब्या घेऊन उठायला लागली. मग मुकाट गेलो.

फेब्रुवारीत पुतणीचं लग्न झालं, मेढ जमिनीत रोवली. पुढच्या महिन्यात सगळा देश घरात बसला आणि मुंबईचा धाकटा सहकुटुंब तीन महिने याच अंगणात होता. पेव्हर ब्लॉकचा विषय त्यानं काढला नाही.

पहिल्या पावसाळ्यात तिरक्या सांध्यापाशी केसासारखी एक भेग आली, सांध्याच्या आतच. दिवाळीनंतर मी सगळे सांधे खरवडून त्यांत डांबर आणि वाळू भरतो, हातोडा घेऊन ठोके मारत एक फेरी मारतो आणि पागोळ्यांखाली टाकलेली खडी सारखी करतो. अर्धा दिवस लागतो. गेल्या साली उत्तरेकडच्या एका खणाचा आवाज जरा बद्द वाटला. तिथं खडूनं खूण करून ठेवली आहे.